डावीकडची बॅटरी

“हात लावून बघ,” दाजी म्हणाले.

“हात लावून ताप बघतात दाजी, बॅटरी नाही.”

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक ट्रॅक्टरवाला आणि एक लग्नात बॅन्जो वाजवणारा. दोघंही खो खो हसले. दाजीही हसले. त्यांची कुणी टोपी उडवली की ते आधी स्वतःच हसत, म्हणून त्यांची चेष्टा करायला गंमत यायची नाही. तरी मी करायचो.

“आरं पण बघ की. ही उजवी गार हाय. डावीची कूस बघ, चटका बसतोय. काल जाळी उचलून आलो, तवा तर हात ठिवू देत नव्हती.”

लिंबराज मल्लाव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. मी त्यांना दाजी म्हणायचो आणि तिला अक्का. आम्ही भोई. आमची सगळी सोयरीक धरणाच्या फुगवट्याच्या काठाने पसरलेली, सगळ्यांच्या अंगाला चिलापी माशाचा वास. मी तेवढा आयटीआय करून पाण्यातून बाहेर पडलो आणि हायवेला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. चुलते म्हणायचे, पोरगं कोरडं झालं. मला त्याचा राग येत नसे. उलट मान जरा ताठच व्हायची.

आमच्यात होडीवर जोडपं असतं. बाई वल्हं मारते, गडी जाळं ओढतो. पोरगी बघायला आले की स्वयंपाकाचं नंतर विचारतात, आधी विचारतात वल्हं मारते का. अक्काने दाजींच्या होडीवर सव्वीस वर्षं वल्हं मारलं. मूलबाळ झालं नाही, पण त्या होडीवर दोघांचं जे चालायचं ते बघून काठावरचे लोक हसायचे. ती मागून ओरडायची, “आवं डावीकडं, डावीकडं!” आणि दाजी मुद्दाम उजवीकडचं जाळं हातात घ्यायचे.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. अक्काचे गुडघे गेले, होडीत उकिडवं बसणं बंद झालं. आणि होडी वर ओढताना दाजींचा उजवा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. भाकरी मोडण्यापुरता हात चालायचा. वल्ह्यापुरता नाही.

तेव्हा ती मोटार आली. हिवाळ्यात पक्षी बघायला शहरातली माणसं येतात. दाजी त्यांना होडीतून फिरवायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी स्वतःच्या गळाने मासे धरायच्या होडीची मोटार दाजींना देऊन टाकली. बॅटरीवर चालणारी, होडीच्या शेपटाला अडकवायची, दांडा धरून वळवायची. आवाज एवढा कमी की शेजारी बसलेलं बदक उठत नसे. एका हाताचा माणूस तिच्यावर पाच किलोमीटर जाऊन येऊ शकायचा. दाजी परत पाण्यावर गेले आणि दोन महिन्यांत त्यांचं खपाटीला गेलेलं पोट भरून आलं.

मोटारीला दोन बॅटऱ्या लागायच्या, मधल्या फळीखाली शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकीची तार दुसरीला. त्यातली एक बसली की दुसरी कितीही ताजी असली तरी मोटार थांबते. हे मी अक्काला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेमका एकच प्रश्न विचारला.

“भर पाण्यात थांबली म्हंजे? ह्यांना वल्हं येतंय व्हय मारता आता?”

“थांबायच्या आधी मी सांगेन ना तुला,” मी म्हणालो. “बॅटरी एका दिवसात मरत नाही अक्का. आधी सहा महिने कुरकुरते. बदलायची वेळ आली की मी सांगणार. माझं कामच आहे ते. तू फक्त रोज चार्जरला लावत जा.”

तेव्हापासून घरात वाटणी ठरून गेली. दाजींनी मोटार चालवायची, अक्काने बॅटऱ्या चार्जरला लावायच्या, त्यांची तब्येत मी बघायची. तीन वर्षं तसं चाललं.

आणि आता वैशाखातल्या त्या सकाळी दाजी गावातल्या टेम्पोतून दोन्ही बॅटऱ्या घेऊन आले होते आणि मला हात लावून बघ म्हणत होते.

माझ्या मेव्हणीचा साखरपुडा होता. बाहेर जीप उभी होती, तीत माझी बायको तारा आणि तिच्या माहेरची चार माणसं. ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न मारत होता. मी आदल्या दिवशीच आणलेला बदामी रंगाचा शर्ट घालून तयार होतो. दुकान हाताखालच्या पोराच्या भरवशावर टाकून निघायचं, एवढ्यात ही वरात.

मी मीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या. आधी उजवी, मग डावी.

“बारा पॉइंट आठ. ही बघा. आणि ही बारा पॉइंट सात. आकडा दिसतोय ना? आता हात लावायचं आणि फुंकर मारायचं बंद करा.”

“आत्ताच काढून आणल्याती चार्जरवरनं. तुझी बहीन म्हनली, भरूनच न्या.”

“बरं केलं.”

“पण शिवदास, माघारी येताना आवाज बदलतोय तिचा. जाताना सूं करत जाती, येताना दमल्यावानी करती. वारं समूर असलं तर लईच.”

“वाऱ्याचाच आवाज असेल तो.”

“तीस वर्सं ऐकतोय मी वारं,” दाजी म्हणाले. रागाने नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

हॉर्न परत वाजला. ट्रॅक्टरवाला गालात हसत आमच्याकडे बघत होता. मला वाटलं, ह्या माणसाला कळत नाही असं नाही, ह्याला माझ्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाहीये. पाण्यातली माणसं सगळी अशीच. हाताला कळतं, कानाला कळतं, आणि शिकलेल्या माणसाला काही कळत नाही.

“दाजी, ह्या बॅटऱ्या अजून एक हंगाम ओढतील. मी सांगतो ना. मी काय परका आहे का?”

दाजींनी डाव्या बॅटरीवर परत एकदा तळहात ठेवला आणि काढून घेतला.

“तू म्हनतोस तर झालं,” ते म्हणाले. “मी आपला अडाणी मानूस. जा, खोळंबल्यात तुझी मानसं. शर्ट झ्याक हाय.”

त्यांनी टेम्पोवाल्याला हाक मारली. मी जीपमध्ये बसलो. वळताना मागे पाहिलं तर ते डाव्या हाताने बॅटरी उचलायला बघत होते आणि टेम्पोवाला म्हणत होता, राहू द्या दादा, मी घेतो.

फोन आला तेव्हा साखरपुड्याच्या पंगती उठत होत्या. सात वाजायचे होते, उजेड होता. गावातल्या तुळशीराम नगऱ्याचा फोन. त्याची होडी दाजींच्या होडीपासून शे-दोनशे हातांवर होती.

“शिवदासभाऊ, वावटळ उठलीया हितं. लई वारं. लिंबराज आण्णांची मोटार बंद पडली.”

“मग?”

“म्या बघितलं लांबनं. होडी आडवी झालती. फळकूट घेऊन पाणी मारत व्हते डाव्या हातानं. वारं त्यास्नी जुन्या गावाकडं ढकलत व्हतं. माझी बी होडी सावरंना. काठाला लागलो तवा बघतोय तर होडीत कुनीच न्हाई.”

जुनं गाव म्हणजे धरणात बुडालेलं आमचंच गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या भिंती वर येतात. चावडीची भिंत, मारुतीच्या देवळाचा चौथरा, कुणाच्या तरी घराचे दगडी कोपरे. होडी तिथे नेऊन आपटली होती. भिंतीपासून होडी लोटायला दाजी उभे राहिले असणार आणि लोटायला दोन हात लागतात.

होडी त्याच संध्याकाळी मिळाली, जवळजवळ कोरडी, जाळं आणि बॅटऱ्या आत तशाच. दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले. ज्या पाण्यात त्यांनी हजारो वेळा सूर मारला होता त्याच पाण्यात, दोन पुरुष खोलीवर, चावडीच्या पायऱ्यांपाशी. पोहता येत होतं त्यांना. एका हाताने कुणी किती पोहणार.

मी अक्काजवळ होतो. ती रडत नव्हती. ती सारखं एकच सांगत होती, आलेल्या प्रत्येक बाईला, एकाच चालीत.

“ह्ये अकराला आले बॅटऱ्या घेऊन. म्या चार्जरला लावल्या. मग शेवंताकडं कुरडया घालाया गेले. तिच्या उन्हाळ्याच्या कुरडया राहिल्या व्हत्या. चारला आले तर बटन बंद. कुनी बंद केलं म्हाईत न्हाई. लाइट गेलती मधी, तवा शेजारच्या पोरानं केलं का मीच लावताना चालू केलं न्हाई, काय आठवंना. ह्ये म्हनले, राहू दे, सकाळचीच भरल्याली हाय. आन् गेले.”

बायका तिला गप्प करायच्या. नशीब, म्हणायच्या. वारं, म्हणायच्या. ती मान हलवायची आणि पुढच्या बाईला परत पहिल्यापासून सांगायची.

राख सावडायच्या आदल्या दिवशी मी होडीतून दोन्ही बॅटऱ्या काढून दुकानात नेल्या. कुणी विचारलं तर, चोरीला जातील, म्हणालो.

सावडून आलो, आंघोळी झाल्या. अंगणात माणसं बसली होती. तुळशीराम होता, माझे चुलते होते, दाजींचा भाऊबंद होता. अक्का उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळ्यांसमोर मला हाक मारली.

“शिवदास.”

“काय गं?”

“तुझ्या हाताखालनं गेलीया बॅटरी. त्या दिशी सकाळी तू बघितलीस. ह्ये घरी येऊन म्हनले, शिवदास म्हनतो एक हंगाम काय व्हत न्हाई. खरं सांग. चांगली व्हती का न्हाई?”

अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला अजून आठवतं, तुळशीरामने चहाची बशी तोंडाशी नेली होती ती तशीच धरून ठेवली.

“चांगली होती, अक्का,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. मला वाटतं तिला तेच ऐकायचं होतं आणि तेच ऐकायचं नव्हतं.

“मंग म्याच घालवलं,” ती म्हणाली. “कुरडयापायी.”

चुलते म्हणाले, असं बोलू नये बाई. मी उठून नळावर गेलो आणि उगाच पाय धुतले.

आदल्या दिवशी दुकानात काय झालं होतं ते आता सांगतो. अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही, ताराला सुद्धा नाही.

शटर अर्धं ओढून मी बॅटऱ्या समोर घेतल्या. ह्या वेळी झाकणं उघडली. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचं पाणी वेगळं. काचेची नळी असते आमच्याकडे, तिने पाणी ओढून घेतलं की आतलं तरंगणं वर आलं तर सेल जिवंत, बुडालं तर मेलेला. उजवीचे सहाही वर आले. डावीचे दोन वर आले, तिसरा बुडाला. बाकीचे तीन परत वर. तिसरा मी चार वेळा पाहिला. मग गाडीचा मोठा दिवा जोडून ओझं टाकलं. दिवा लागला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळा पडत गेला. डाव्या बॅटरीच्या कुशीला हात लावला. तिसऱ्या सेलच्या जागी गरम लागत होतं. दाजींनी दाखवलं होतं तिथेच.

हे मला त्या सकाळी पाच मिनिटांत कळलं असतं. चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी मीटरवर नेहमी चांगलीच दिसते. तिला चार तास नुसतं ठेवायचं, नाहीतर झाकणं उघडून पाणी बघायचं. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि दाजींनी तर तोंडाने सांगितलं होतं, आत्ताच काढून आणल्या. मी ते ऐकलं होतं. ऐकून, ‘बरं केलं,’ म्हणालो होतो.

झाकणं का नाही उघडली? आतलं पाणी म्हणजे ॲसिड. एक थेंब उडाला तरी कपड्याला भोक पडतं. दुकानातले माझे सगळे शर्ट चाळणी झालेले असतात. त्या दिवशी अंगावर नवा शर्ट होता. एवढंच. ट्रॅक्टरवाल्यासमोर मान खाली जाऊ नये हेही होतं, पण ते नंतर. आधी शर्ट. बदामी रंगाचा.

आणि अक्काचं बटन चालू होतं की बंद होतं, त्याने काहीच फरक पडत नव्हता. सकाळी दहाला त्या दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. दिवसभर वापरल्या नव्हत्या. ती दिवसभर चार्जरपाशी बसून राहिली असती तरी तो तिसरा सेल वाऱ्यात बसायचा तो बसलाच असता. हे त्या अंगणात एका माणसाला माहीत होतं आणि तो नळावर पाय धुवत होता.

दोन्ही बॅटऱ्या मी त्याच आठवड्यात भंगारात घातल्या. चांगली उजवी सुद्धा.

अक्का वर्षश्राद्धानंतर आमच्याकडे राहायला आली. मीच आणली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. ते ऐकताना मला वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. तिने मासे खायचे सोडले. घरातल्या एकाही बटनाला ती हात लावत नसे. दिवा लावायचा असला तरी ताराला हाक मारायची, आणि तारा बाहेर गेली असेल तर अंधारात बसून राहायची. मी घरी आलो की अंधारातून तिचा आवाज यायचा, “आलास व्हय?”

दर काही महिन्यांनी मी ठरवायचो, आज सांगायचं. ती माझ्या पानात भाकरी वाढायची आणि मी भाकरी खायचो.

मागच्या साली तिचे गुडघे अगदीच आखडले. संडासापर्यंत जायचं तर भिंत धरून दहा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू दोन्ही, महिन्यात चालायला लागतील. सगळी तयारी झाली. ही हटून बसली. तारा समजावून थकली. मी दुपारी दुकानातून जेवायला आलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात बसून लसूण सोलत होती.

“का नको म्हणतेस?” मी विचारलं.

“मला कशाला नवं गुडघं? कुठं जायचंय चालत?”

“दुखतं ना तुला.”

“दुखू दे की,” ती म्हणाली. “तेवढं तरी दुखू दे. ज्या बाईनं आपल्या हातानं आपला मानूस पाण्यात घातला, तिनं नवं पाय लावून नाचायचं व्हय रं? दुखतंय त्ये बरं हाय. मला झोप लागती त्यानं.”

तेव्हा मला समजलं की अकरा वर्षं ती गुडघ्यांचं औषध का घेत नव्हती. मला वाटायचं विसरते. मी तिच्यासमोर खाली बसलो. लसणीच्या पाकळ्या तिच्या हातातून काढून घेतल्या.

“अक्का, बॅटरी खराब होती.”

“काय?”

“दाजींची. डावी. तिचा तिसरा सेल मेला होता. दाजींनी मला सांगितलं होतं, हात लावून दाखवलं होतं. मी बघितलं नाही नीट. मला साखरपुड्याला जायचं होतं. नवा शर्ट होता अंगावर. तुझ्या बटनाचं काही नव्हतं अक्का, बॅटरी सकाळीच भरलेली होती. ते मी केलं. तू नाही.”

मी सगळं सांगितलं. नळीचं, दिव्याचं, शटर अर्धं ओढल्याचं. तारा आतून येऊन ओट्याला धरून उभी राहिली होती. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, आता ती मला मारेल. मारावं, असं वाटत होतं.

“कुठाय ती बॅटरी?” तिने विचारलं.

“भंगारात घातली.”

“आन् त्या दिशी अंगनात इचारलं तवा?”

“खोटं बोललो.”

तिने लसणीचा वास येणारा हात माझ्या गालावर ठेवला.

“बारका व्हतास तवा घागर फुटली माझ्या हातनं,” ती म्हणाली. “आय मारंल म्हनून तू म्हनलास, म्या फोडली. चार वर्साचा बी नव्हतास. घागर उचलत बी नव्हती तुला. आयला काय कळत नव्हतं? आन् आज म्या नवं पाय घ्यावं म्हनून ह्ये असलं. शर्ट म्हनं. कुठनं सुचतं रं तुला?”

“अक्का, खरं सांगतोय मी.”

“व्हय व्हय.”

“दाजींची शपथ. तुझी शपथ, अक्का.”

तिने पटकन माझ्या तोंडावर हात दाबला.

“खोटी शपथ नको घेऊस माझ्यापायी,” ती म्हणाली. “चल, जेव आता.”